खाडा पडता कामा नये

डॉक्टरांनी बाबांना पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगितलं, आणि ते बाबांना इतकं पटलं की पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसऱ्या कशाला किंमत राहिली नाही. “तीस लाईट घ्यायच्या आहेत. मध्ये एकही खाडा पडता कामा नये.”

खाडा हा शब्द बाबांच्या ओळखीचा. भिवंडीतल्या नारपोलीच्या एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे कापड विणणारे लूम बिघडले की दुरुस्त करून चालू ठेवणारा माणूस. हजेरीत त्यांचे खाडे इतके कमी की शेठ नव्या माणसांना बोलावून ते पान दाखवायचा. आजी गेली तेव्हाचा एक खाडा. मी जन्मले तेव्हाचा एकही नाही. हे आई अजून ऐकवते.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते, संध्याकाळी चार मुलींची शिकवणी घ्यायचे आणि दिवसभर नोकरीच्या पत्राची वाट बघायचे. बाबांच्या डाव्या गालात आधी फोड आला, तो बरा होईना, मग तपासण्या झाल्या आणि व्हायचं तेच निघालं. तीस वर्षं त्या गालात तंबाखू-चुन्याची चिमूट ठाण मांडून बसलेली होती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाल आतून कापून शिवला, आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागलं. त्यानंतर या तीस लाईट. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. पुस्तकात या उपचाराला मोठं नाव असेल, आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात.

तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं. लाईट रोगाला जाळते, पण तिच्या वाटेत येणारं तोंडही आतून भाजतं. दुसऱ्या आठवड्यात चव जाईल, तिसऱ्यात आतली कातडी सोलवटेल, पाणीसुद्धा झोंबेल. मग माणूस खाणं सोडतो, वजन उतरतं, आणि दोनच वाटा उरतात. एकतर नाकातून पोटात नळी घालायची, नाहीतर लाईट काही दिवस थांबवायची. लाईट थांबली की तेवढी रोगाला सवड मिळते. म्हणून तोंड सांभाळायचं. औषध डॉक्टर देतील, तोंड तुम्ही सांभाळा.

बाबा पलीकडे बसून ऐकत होते. नळीचं नाव निघताच त्यांनी मान हलवली, नाही. सिस्टर म्हणाली, काका, नळी तात्पुरती असते, नंतर काढतात, कितीतरी माणसं नळीवर लाईट पूर्ण करतात. बाबांनी पुन्हा मान हलवली.

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच कारखान्यातला एक कारागीर नाकात नळी घेऊन सगळ्यांना भेटायला आला होता. कुणी त्याच्या चेहऱ्याकडे बघेना. शेठनं पाठीवरून हात फिरवला आणि त्याच आठवड्यात त्याला गावची गाडी धरायला लावली. तेव्हापासून बाबांच्या मनात पक्कं बसलं होतं की नळी लागली म्हणजे माणूस कारखान्यातून गेला. आज मला कुणी विचारलं तर मी सांगेन की नळीत कमीपणा काही नाही. पण तेव्हा मी पंचवीसचीही नव्हते आणि बाबांचीच मुलगी होते. त्यांनी नाही म्हटलं, मीही नाही म्हटलं.

सिस्टरनं दिलेलं हत्यार बघून मला आधी हसूच आलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात लहान चमचाभर मीठ आणि लहान चमचाभर खायचा सोडा. दर दोन तासांनी चूळ भरायची, तोंडात सगळीकडे फिरवायची, थुंकायची. जेवणानंतर आणि झोपण्याआधी तर भरायचीच. लहान मुलांचा मऊ ब्रश. तिखट, आंबट, कडक, गरम सगळं बंद. दुकानातलं रंगीत, झोंबणारं माऊथवॉश नको. आग व्हायला लागली की जेवणाआधी बधिर करणारं औषध तोंडात फिरवायचं. रोज टॉर्च लावून तोंड बघायचं. आणि विचारल्याशिवाय तोंडात काहीही घालायचं नाही. एवढ्या भयंकर रोगापुढे मीठ आणि सोडा? पण मग मनात आलं, आपल्या हातात दुसरं आहे तरी काय. त्या दिवसापासून मी बाबांच्या तोंडाची मुकादम झाले.

सोमवार ते गुरुवार आम्ही शेठच्या टेम्पोतून जायचो. सकाळी नारपोलीहून कापडाचे ताके मुंबईला निघायचे, ड्रायव्हर आम्हाला पुढच्या सीटवर घ्यायचा. शुक्रवारी भिवंडीत लूमला सुट्टी, त्या दिवशी एसटी. माझ्या मांडीवर पाण्याची बाटली, हातात घड्याळ. दोन तास झाले की मी बाबांना कोपरखळी मारायची, त्यांनी चूळ भरायची आणि गाडी थांबली की खिडकीतून वाकून थुंकायचं.

दुसऱ्याच आठवड्यात सिग्नलला एका हवालदारानं आम्हाला धरलं. त्याला वाटलं गुटखाच आहे. खिडकीशी येऊन तो बाबांना शरम, शिस्त, शहर सगळं ऐकवायला लागला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला, मान खिडकीबाहेर काढली आणि त्याच्यासमोर आ केला. दोन बोटांचा आ. आत लालभडक मांस आणि शिवलेल्या गालाची वेडीवाकडी शिवण. हवालदार दोन पावलं मागे गेला आणि त्यानं घाईघाईनं आमच्या गाडीला हात दाखवून वाट दिली. त्यानंतर महिनाभर त्या सिग्नलला आम्ही दिसलो की तो दुसरीकडे बघायचा. बाबा मात्र दर वेळी मान बाहेर काढून ऐटीत थुंकायचे. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटायचा.

घरी आईनं मसाल्याचा डबा वरच्या फळीवर टाकला. तिचं म्हणणं, एकाला तिखट नाही तर कुणालाच नाही. माझी कोणी संमती विचारली नाही. सहा आठवडे मी बिनतिखटाची डाळ, पेज, मऊ खिचडी आणि दुधात कुस्करलेलं केळं खाल्लं आणि रोज भांडले. शेजारी कुणी सुकट भाजली की मला रडू यायचं. बाबांना त्याचा वासही लागत नव्हता. त्यांची चव गेली होती. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, म्हणाले. लाळ इतकी घट्ट झाली होती की ते तिला कांजी म्हणायचे, सुताला ताठ करायला लावतात ती.

याच सुमाराला माणसं यायला लागली. आजारी माणसाला बघायला येणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. येताना प्रत्येक जण एक औषध घेऊन येतो आणि जाताना एक भीती ठेवून जातो. खारबावची आत्या जाईचा पाला घेऊन आली. तिच्या सासऱ्यांचं तोंड त्यानं बरं झालं होतं. मी म्हटलं, आत्या, त्यांना उष्णता झाली होती, यांना लाईट दिल्यात. ती म्हणाली, “पाल्यानं काय व्हत न्हाय. झाडाचाच हाय ना?” तिनं बाबांच्या हातात चार पानं कोंबलीसुद्धा. मी ती काढून घेतली. आत्या महिनाभर माझ्याशी बोलली नाही. कुणी तुरटी आणली, कुणी मध, कुणी कुठल्याशा बाबाचा अंगारा. अंगारे-धुपारे सोडा म्हणून सांगून गेलेल्या ज्यांची तसबीर आमच्या भिंतीवर आहे त्यांच्यासमोर उभं राहून अंगारा द्यायची हिंमत केली म्हणून मी त्या गृहस्थांना चहाही विचारला नाही. आणि एक चुलतकाका तर कळस. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की चिमूटभर तंबाखू लावली तर गाल बधिर होईल आणि पोराला जेवण जाईल. पोर म्हणजे माझे बाबा. मी त्यांना दारापर्यंत पोहोचवून आले.

तिसऱ्या आठवड्यात बाबांचं बोलणं बंद झालं. जीभ हलवली की आग व्हायची. ओठांच्या कडा चिरल्या होत्या, गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला कातडी निघून कच्चं मांस दिसायला लागलं होतं. मी रोज टॉर्च लावून बघायचे आणि चेहरा हलू द्यायचे नाही. मग मोरीत जाऊन नळ सोडायचे आणि रडायचे.

पण बोलणं बंद झालं म्हणून ते गप्प बसले असं ज्याला वाटेल त्यानं लूमचा कारखाना आतून पाहिलेला नाही. तिथे चोवीस लूम एकदम खडखडत असतात. कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. दोन बोटं एकमेकांत अडकवून सोडवली की धागा तुटला. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. अंगठा ओठाला लावला की चहा. तळवा दोनदा खाली दाबला की लूम थांबव. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ही भाषा बघून बघून शिकले होते. आईला ती कधी आली नाही. कारखान्यातली वेड्यांची भाषा घरात नको म्हणायची.

आता घरात तीच चालू झाली आणि दुभाषी मी. मी त्याचा गैरफायदाही घेतला. बाबा आईला काहीतरी सांगायचे आणि मी सांगायचे, बाबा म्हणतायत की निदान तुझ्या पोरीला तरी तिखट दे. बाबा मला चापट मारायचे, पण डोळ्यांनी हसायचे. पाहुणा जास्त बोलायला लागला की ते तळवा दोनदा खाली दाबायचे. मी त्याचं भाषांतर सभ्य शब्दांत करायचे, बाबा आता पडणार आहेत.

एक गोष्ट मात्र मला रोखता आली नाही. मुंबईहून आलं की ते तास-दोन तास कारखान्यात जाऊन बसायचे. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. मी डोकं आपटलं. पण त्यांचं म्हणणं हातानंच आणि ठाम. आवाज बदलला की कुठल्या लूमचं काय बिघडलंय ते मला कळतं, बसल्या बसल्या बोट दाखवीन, हात लावणार नाही. शिवाय तिथे कुणीच तोंडानं बोलत नाही. तिथे मी मुका नाही. पाण्याची बाटली हातात देऊन मी त्यांना जाऊ द्यायचे. बाटली रिकामी होऊन परत यायची.

चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी टॉर्चच्या उजेडात मला पांढरं दिसलं. जिभेवर, टाळूला, गालाच्या शिवणीवर दह्याच्या कवडीसारखे ठिपके. अंगही तापलं होतं. एसटीनं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले बुरशी धरलीय. वजन केलं, तेही उतरलेलं. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, तोंडात काय घातलं होतं? पाला, मध, तंबाखू? मी शपथेवर सांगितलं काहीच नाही, मीठ-सोड्याशिवाय काही नाही. ते म्हणाले, अशा तोंडात बुरशी आपणहूनही धरते, पण नीट आठवून बघा. त्या दिवशीची विसावी लाईट त्यांनी दिली. औषधाचे थेंब लिहून दिले. सोमवारी पुन्हा वजन करू. आणखी उतरलं तर नळी. नळी नको असेल तर लाईट थांबवू. असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

परतीच्या एसटीत मी बाबांकडे बघितलं नाही. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तंबाखू. तीस वर्षांची सवय. कारखान्यात प्रत्येकाच्या खिशात पुडी. त्या चुलतकाकांचा सल्ला कुणी दुसऱ्यानंही दिला असेल. माझ्या डोळ्यांआड तेवढे दोनच तास होते. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत मी फुटले.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही, लाज वाटते. म्हणाले, आई महिनाभर तुमच्यासोबत पेज खातेय, मी तुमची थुंकी धुतेय, आणि तुम्ही तिथे जाऊन गाल भरता. म्हणाले, तुम्हाला जगायचंच नसेल तर तसं सांगा. आणि शेवटी सरळ विचारलं, “तंबाखू खाल्लीत ना?”

बाबा उभेच होते. त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज आला नाही, नुसती लाळ हनुवटीवर आली. ती त्यांनी बाहीनं पुसली. हातांनीही काही सांगितलं नाही. ते आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी ते उठून तयार. ताप उतरला होता. लाईटला सुट्टी असूनही त्यांनी रोजच्यासारखी चूळ भरली, थेंब तोंडात फिरवले, माझ्यासमोर बसून आ केला, मी टॉर्च लावला. आदल्या दिवशी काही झालंच नाही असा चेहरा. मग बाटली घेऊन कारखान्यात गेले. दहा मिनिटांनी मी मागून निघाले. चोरी पकडायलाच निघाले होते, खोटं कशाला बोलू.

कारखान्याच्या मागच्या दाराशी सुताच्या गोण्या असतात, तिथे मी उभी राहिले. बाबा आपल्या लोखंडी स्टुलावर बसले होते. हातात पुडी नाही, गाल हलत नाही. समोर चार लूम सांभाळणारा एक कारागीर, उत्तर प्रदेशातला, नवीनच लागलेला, चाळिशीचा माणूस. त्याची कांडी संपली. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची लहान नळी, आणि धोटा म्हणजे लुमावर इकडून तिकडे पळत आडवा धागा टाकणारं ते लाकडी, होडीच्या आकाराचं. नवी कांडी बसवली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. आमच्याकडचे कारागीर ते कसं काढतात? भोकाला ओठ लावतात आणि एक श्वास आत ओढतात. धागा भसकन तोंडात येतो. दिवसातून शेकडो वेळा. त्याच धोट्याला दिवसपाळीचा ओठ लागतो, रातपाळीचाही लागतो.

त्या माणसाला जमेना. तीनदा ओढलं, धागा येईना. लूम थांबलेला. त्यानं धोटा बाबांपुढे धरला. बाबांनी तो घेतला, शर्टाला पुसला, आणि शिवलेला, सोललेला, बुरशी धरलेला गाल आत ओढून एका श्वासात धागा काढून दिला. मग जिभेवर आलेली सुताची रुई बोटानं काढून टाकली आणि धोटा परत केला. त्या माणसानं हात कपाळाला लावला. बाबांच्या चेहऱ्यावर महिनाभरात मी पाहिला नव्हता असा आनंद होता.

मी तिथेच गोणीवर बसले. हे त्यांच्या लेखी तोंडात काही घालणं नव्हतंच. डॉक्टरांनी विचारलं, मी विचारलं, आणि त्यांना कधी सुचलंच नाही की धोट्याचं नाव घ्यावं. श्वास घेतो तसं ते काम. आणि मला हेही कळलं की त्यांनी ते दिवसातून दहा वेळा का केलं असेल. बोलता येत नव्हतं, चावता येत नव्हतं, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्या तोंडाला अजून नीट येणारं ते एकच काम उरलं होतं. माझा राग गेला नाही, पण तो सगळा उलटा फिरून माझ्याच अंगावर आला.

मी सरळ लूमच्या मधल्या वाटेत गेले आणि तळवा दोनदा खाली दाबला. तो कारागीर गोंधळून बाजूचा चालू लूम थांबवायला वळला. मी त्याच्या हातातला धोटा घेतला, बाबांसमोर धरला, माझ्या ओठाला लावल्यासारखा केला, मग त्यांच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि बोटांच्या टोकांनी पांढरे ठिपके दाखवले. बाबा बघत राहिले. आधी धोट्याकडे, मग बाटलीकडे. मग त्यांनी हळूहळू आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही युद्धासारखे काढले. दर दोन तासांनी चूळ, आणि त्यानंतर थेंब. जेवणाआधी बधिर करणारं औषध, पाच मिनिटं थांबायचं, मग चमच्या-चमच्यानं पेज. वाटीभर पेजेला पाऊण तास. आई दुधात शिजवलेला अंड्याचा बलक मिसळायची आणि गाळून द्यायची. भारनियमनात फ्रिज बंद, म्हणून मी मासळीवाल्या बाईकडून स्वच्छ पाण्याचा बर्फ मागून आणायचे आणि फडक्यात फोडून त्याचे तुकडे त्यांना चघळायला द्यायचे. ते गिळायचे तेव्हा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळायचे. डोळ्यांतून पाणी गालावर, आणि रिकामी वाटी माझ्यापुढे. पुन्हा भर. मी म्हटलं, पुरे आता. त्यांनी वाटी जमिनीवर आपटली. भर.

चुळांच्या मधल्या वेळात ते खाटेवर बसून आणखी एक काम करत होते. लुमाच्या जुन्या फणीची बारीक पट्टीसारखी तार त्यांनी मागवून घेतली होती. पक्कडीनं तिचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या टोकाला लहानसा आकडा वळवत होते. त्या आकड्यानं धोट्यातला धागा बाहेर ओढता येतो. युक्ती नवी नव्हती, सगळ्यांना ठाऊक होती, पण आकडा वापरतो तो शिकाऊ असं कारखान्यात मानायचे. बाबाच मानायचे. त्यांनीच कितीतरी जणांना त्यावरून चिडवलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत चोवीस आकडे झाले.

सोमवारी काट्यावर उभे राहताना त्यांनी चपला काढायला नकार दिला. सिस्टर हसली आणि स्वतः वाकून त्यांच्या चपला काढल्या. काटा शुक्रवारी होता तिथेच होता. डॉक्टरांनी तोंड बघितलं, मी त्यांना धोट्याचं सांगितलं. त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं, कारण त्यांना ते खरं वाटेना. मग म्हणाले, कारण तेच असेल असं नाही, पण बंद म्हणजे बंद. आणि एकविसावी लाईट लिहिली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी प्रत्येक लुमाला दोरीनं एक आकडा बांधला. कुणी धोटा ओठाकडे नेला की हे स्टुलावरून उठायचे, त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि आपला आ दाखवायचे. हवालदाराला दाखवला होता तोच. चार दिवसांत सगळे आकड्यावर आले. शेठ पोटावरून हात फिरवत म्हणाला की यानं वेळ जातो. बाबांनी त्यालाही आ दाखवला.

तिसावी लाईट झाली त्या दिवशी खाडा शून्य होता आणि नाकात नळी नव्हती. सिस्टरनं सांगून ठेवलं होतं की लाईट संपली म्हणून तोंड लगेच बरं होत नाही, उलट पहिले दोन आठवडे जास्त दुखेल, पाणी सोडू नका. तसंच झालं. मी बाटली सोडली नाही, घड्याळ सोडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कडांकडून कातडी भरायला लागली. जीभ हलायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बोला. पण बाबा बोलेनात. आईनं विचारलं तरी हातानंच. मला वाटलं, आता सवय लागली किंवा धीर होत नाही. त्या शुक्रवारचं त्यांच्याशी मीही काही बोलले नव्हते. कारखान्यात जे पाहिलं त्यात सगळं आलं, असं स्वतःला समजावत होते.

मग एका सकाळी टॉर्च लावला तेव्हा आत सगळं गुलाबी दिसलं. कुठे कच्चं नाही, कुठे पांढरं नाही. मी तसं सांगितलं. बाबांनी तोंड मिटलं, चूळ भरली, सावकाश सगळीकडे फिरवली आणि थुंकली. ओठ पुसले. मग माझ्याकडे बघून, सहा-सात आठवड्यांत पहिल्यांदा, फाटक्या आवाजात बोलले.

“तंबाखू न्हवती खाल्ली मी.”

मी म्हटलं, मला माहीत आहे बाबा, मी डोळ्यांनी पाहिलं ना.

“तुला म्हाईत हाय, ते मला म्हाईत हाय. पण मला माझ्या तोंडानं सांगायचं व्हतं. तेवढ्यासाठी बोलणं ठेवलं व्हतं.”

माझ्या हातात टॉर्च तसाच पेटलेला होता. जन्मात मी कुणाची माफी मागितलेली नव्हती, आणि कशी मागतात तेही मला येत नव्हतं.

“मी चुकले, बाबा.”

“हां, चुकलीस,” ते म्हणाले, आणि बाटलीसाठी हात पुढे केला.